तिसऱ्या जागेवरची भाग्यश्री

उल्काबाईंकडे चुकांची एक वही होती. बुधवार पेठेतून आणलेली, जाड पुठ्ठ्याची. वीस वर्षं चौथीच्या वर्गात गणित शिकवताना मुलांनी केलेल्या चुका त्या तिच्यात उतरवून ठेवत. बरोबर उत्तराला काय, ते सगळ्यांचं सारखंच असतं. चुकीच्या उत्तराला मात्र पत्ता असतो, असं त्या म्हणत.

त्या वहीतूनच त्यांचा शुक्रवारचा पेपर तयार व्हायचा. बारा गणितं, प्रत्येकाखाली अ, ब, क, ड अशी चार उत्तरं. पाचशे तीनमधून दोनशे अठ्ठ्याहत्तर वजा केले तर २२५. पण कुणी ३७५ निवडलं, की बाई ओळखत: हा सगळीकडे मोठ्यातून लहान वजा करतोय. २३५ म्हणणारा हातचा आणायला शतकापर्यंत नीट गेला, पण येताना शून्यापाशी अडखळला. मग सोमवारी ज्याचं जिथे अडलं असेल, तिथूनच त्याचं शिकवणं सुरू.

विश्रांतवाडीच्या त्या शाळेत झेरॉक्स पुरत नसत, म्हणून चौघांच्या बाकावर एकच कागद मध्ये ठेवायचा आणि ज्यानं त्यानं आपापल्या वहीत फक्त अक्षरं लिहायची.

दोन हजार चार सालच्या दिवाळीनंतर भाग्यश्री शाळेत आली. तिचे वडील बद्रीनाथ हिंगोलीकडचे. खराडीला आयटी कंपनीची काचेची इमारत उभी राहत होती, तिथे राखणीला होते. जुन्या शाळेचा दाखला काही आला नव्हता.

"शुक्रवारच्या तुमच्या पेपरात काय दिसतंय ते बघा," हेडसर म्हणाले. "नाही जमलं, तर सोमवारपासून तिसरीत."

"लेकराचं एक वरीस जाईल, बाई," बद्रीनाथ एवढंच बोलले होते, तेही दारातूनच.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंचा मुलगा आमोद नेहमीप्रमाणे उत्तरं कॉम्प्युटरवर भरून देत होता. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागल्यापासून आईचा हा तक्ता त्याच्याकडेच होता.

"आई, ही भाग्यश्री कोण? बाराच्या बारा क! रॅन्डम पण नाही गं. बारात तीनच बरोबर. सोड."

बाईंनी तिच्या वहीतलं ते पान पाहिलं. बारा वेळा क. प्रत्येक क ठसठशीत, रेघेवर नीट बसवलेला. कंटाळलेल्या मुलाचं अक्षर असं नसतं. आजवर प्रत्येक चुकीचा पत्ता सापडला होता, हिचा मात्र सापडेना.

शनिवारी सकाळी त्यांनी तिला टेबलापाशी बोलावलं.

"सगळीकडे क का गं लिहिलंस?"

"मी तिसरी बसते ना, बाई."

"बरं, मग?"

"पयलं उत्तर मुक्ताईचं, दुसरं स्पृहाचं, तिसरं माझं." एवढंही बाईंना कळू नये, याचं तिला नवल वाटलेलं दिसलं. "आमच्या गावच्या शाळेत गुरुजी गणितं तशीच वाटून द्यायचे. बाकावर जो जिथं बसंल, त्याला ते. एकमेकाचं बघू नये म्हणून."

चार अक्षरांतलं एक निवडायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे त्यांनीच सांगितलं नव्हतं.

"आणि तुझ्या वाट्याचं उत्तर चुकीचं असलं तर?"

भाग्यश्री पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "होते की. दहा चुकले होते तुमचे. पण बाईला कसं सांगावं?"

तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं. बाराही गणितं तिथे मांडून, हातचे वर टिकलीएवढे लिहून, सोडवली होती. पाचशे तीनखाली २२५. बाईंनी एकेक तपासलं. अकरा बरोबर. एका ठिकाणी मात्र सातला शून्यानं गुणून तिनं सातच ठेवले होते, आणि तिथला बरोबर असलेला क चुकीत धरला होता; म्हणून नवाचे दहा.

"हे तुझं चुकलंय हं," बाई म्हणाल्या. आणि त्यांचा आवाज इतका आनंदी होता, की पोरगी गोंधळून हसली.

हेडसरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "म्हणजे पेपर तिनं तुमचा तपासला. बारात दहा चुका! बाई, सोमवारपासून तुम्हीच बसा तिसरीत." आणि हजेरीपटावर भाग्यश्रीचं नाव चौथीत पक्कं लिहिलं.

त्या रविवारी उल्काबाईंनी चुकांच्या वहीत नवीन पान काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावर स्वतःचं नाव घातलं.

पुढच्या शुक्रवारी पेपर वाटण्याआधी त्यांनी अ, ब, क, ड म्हणजे काय ते फळ्यावर नीट समजावून सांगितलं. दोन गणितं करून दाखवली. वर्ग कामाला लागला. थोड्या वेळानं भाग्यश्री वही छातीशी धरून टेबलापाशी आली.

"काय गं, काय अडलं?"

"बाई, चौथ्या गणिताचं उत्तर खरंच क येतंय," ती कुजबुजली. "दोनदा करून बघितलं. लिहिलं तर चालंल ना?"