मी सुधारलेली कथा

नगरच्या एका छोट्या प्रकाशनात मी मुद्रितशोधनाचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी पाथर्डीकडच्या एका बाईंच्या कथा छापायला आल्या. त्या ऊसतोडीला जायच्या आणि फडाशेजारच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बसून मुलीच्या जुन्या वह्यांत लिहायच्या. मी चार दिवस खपून सगळ्या 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाई'चं 'नाही'. बाईंवर उपकारच करतोय, असं वाटत होतं.

प्रुफं बघायला त्या आल्या. दोन पानं बोट फिरवत वाचली आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्यातली बाई कोन, ते कळंना. आमच्यात असं कुनी बोलत न्हाई."

"ताई, शहरातल्या वाचकांना समजायला पाहिजे ना."

"तुमाला समजलं का न्हाई?"

समजलं होतं. लेकराला ताप भरलेला असताना फडात उभी राहिलेली आई वाचताना मी चष्मा काढून ठेवला होता; माझीच आई आठवली होती. आम्ही ख्रिस्ती. माझी आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. "प्रभू, माज्या लेकराला बरं कर, दुसरं काय मागत न्हाई," अशी तिची प्रार्थना. शाळेत जाऊ लागल्यावर मी तिचं बोलणं चारचौघांत सुधारायचो. पुढे पाहुणे आले की ती गप्पच बसायची.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही एकेक शब्द पुन्हा मूळचा केला.

प्रकाशक मात्र अडून बसले. "लोक म्हणतील, प्रुफं कुणी तपासलीच नाहीत."

मी त्यांना तापाची कथा मोठ्यानं वाचून दाखवली. ते खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. वळले तेव्हा एवढंच म्हणाले, "एक कानासुद्धा बदलू नका."

पुस्तकाचं प्रकाशन सोनईला झालं. सभागृहात बसायला जागा उरली नाही. बाईंनी तीच कथा वाचली. त्यानंतर राहात्याहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या. "मुलांच्या वहीतले हे शब्द मी आयुष्यभर लाल शाईनं खोडले," त्या म्हणाल्या. "मला दोन प्रती द्या." टाळ्या थांबेनात. बाई मान वर करून सगळ्यांकडे बघत होत्या.

दुसरी आवृत्ती नुकतीच आली. तिच्यात प्रकाशकांनी पहिल्यांदाच मुद्रितशोधक म्हणून माझं नाव छापलंय, तेही मी सगळ्यात कमी दुरुस्त्या केलेल्या पुस्तकात. आता अकोले तालुक्यातल्या डोंगरांतून, नेवाशातून बाडं येतात, प्रत्येकाची भाषा वेगळी. पेन्सिल हातात घेण्याआधी मी ती मोठ्यानं वाचतो.