सामोआ सर

"भांडण त्यांचं होतं की. पण जहाजं कुणाची होती?"

असं म्हणून सर जगाच्या नकाशावर बोट टेकवायचे आणि ते तसंच ठेवून मान वळवून वर्गाकडे बघायचे. उत्तर आल्याशिवाय बोट निघत नसे. नकाशाच्या पार डाव्या कडेला, पॅसिफिकच्या निळ्या रंगात, सामोआ नावाचे काही ठिपके आहेत. तुम्ही शोधायला गेलात तर सापडतील. आमच्या शाळेच्या नकाशात मात्र सापडायचे नाहीत. तिथे सरांच्या बोटाने भोक पडलं आहे.

ते इतिहास शिकवत, मी भूगोल. सोलापुरात शुक्रवार पेठेजवळ आमची शाळा. नकाशांचं कपाट माझ्या ताब्यात होतं, त्यामुळे नकाशा हवा असला की सरांना माझ्यापुढे उभं राहावं लागे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. खडूसुद्धा हात आखडून मिळायचे, तिथे नवा नकाशा कोण देतो? आणि मी पडले मोडनिंबची, आमच्याकडे जिभेला लगाम घालायची पद्धत नाही.

"सर, नकाशा शाळेचा आहे. बोट जरा हलकं ठेवा."

"बाई, अख्खं बेट गेलं तेव्हा कुणी हळहळलं नाही. तुम्ही कागदाचं काय घेऊन बसलात?"

सामोआ पाठ्यपुस्तकात नव्हतं. कॉलेजात असताना सरांना रद्दीत पुठ्ठा नसलेलं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, त्यातून हे बेट त्यांच्या डोक्यात शिरलं आणि मग निघालंच नाही. वसाहतींचा धडा आला की एक तास सामोआचा. पोरं वाट बघत. सरांचं नावच त्यांनी 'सामोआ सर' ठेवलं होतं, आणि सरांना ते माहीत होतं.

गोष्ट अशी, की त्या बेटांवर राजेपणावर हक्क सांगणारे सरदार होते आणि त्यांची आपसात जुंपली होती. भाऊबंदकीच म्हणा. खोबऱ्याच्या धंद्यापायी जर्मन, इंग्रज आणि अमेरिकन तिथे आधीच येऊन बसले होते. एकाने याला राजा मानलं, दुसऱ्याने त्याला. बंदुका पोचल्या. मग तिघांचीही लढाऊ जहाजं एकाच बंदरात येऊन एकमेकांवर डोळे वटारून उभी राहिली, आणि आलं वादळ. इथे सर टेबलावर डस्टर आपटत. जहाजं खडकावर फुटत, बेटावरची माणसं शत्रूच्या खलाशांनाही पाण्यातून ओढून काढत, आणि पोरं टाळ्या पिटत.

सर टाळ्या संपू देत. मग खुर्चीत बसून, दमलेल्या आवाजात म्हणत, "टाळ्या कसल्या पिटता? नवी जहाजं आली की. पुढं जर्मनीनं आणि अमेरिकेनं बेटं वाटून घेतली. इंग्रजाला दुसरीकडं कायतरी मिळालं. राजा कोण हे ठरवायला आलेले, गादीच उचलून घेऊन गेले."

मी शेजारच्या वर्गातून हे इतक्या वेळा ऐकलंय की मलाही पाठ झालंय.

सरांचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मागच्या अंगाला यंत्रमागांचा कारखाना, चादरींचा. वडिलांनी हातमागापासून उभा केलेला. सर थोरले, ते शिकून शाळेत आले. कारखाना दोघे धाकटे भाऊ बघत. पण खंडेनवमीला मागांची पूजा थोरल्यानेच करायची, हा त्या घरचा नेम. त्या दिवशी शाळेत सरस्वतीपूजन असे, आणि सर त्याला कधीच नसत. रजा ठरलेली.

एका वर्षी त्यांनी मला पूजेला बोलावलं. तुम्ही सोलापुरातली ती गल्ली ऐकली असेल तर मी काय म्हणते ते कळेल. बारा महिने खटखट चाललेली. बोलायचं तर ओरडून. त्या दिवशी सगळं गप्प होतं आणि कान उगीचच भरून आल्यासारखे वाटत होते. सर सोवळ्यात, प्रत्येक मागाला हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत चालले होते. मागून दोघे भाऊ आरतीचं तबक धरून. सरांच्या पत्नीने चिंचेचा भात वाढला.

"माग आमी चालवतो, पण मालक अन्नाच," मधला म्हणाला. अन्ना म्हणजे थोरला भाऊ.

"अन्ना म्हणतील तसंच हाय की हितं," धाकट्याने री ओढली. मला वाटलं, घर असावं तर असं.

वडील गेले आणि दोनेक वर्षांत घराचे वासे फिरले. कारखाना कुणाच्या हुकुमात चालायचा, एवढाच मुद्दा. पण एका सुताच्या व्यापाऱ्याने धाकट्याला चढवलं, एका चादरींच्या व्यापाऱ्याने मधल्याला. दोघा व्यापाऱ्यांची ऊठबस सरांच्याच ओट्यावर, चहा सरांच्याच घरचा. सर शाळेत येत तेव्हा डोळे लाल असत. नकाशा मागायला यायचे आणि न घेताच जायचे.

एका उन्हाळ्यात, परीक्षेचे पेपर तपासत आम्ही दोघंच बसलो होतो. पंखा बंद, वीज गेलेली. सर खाली बघत म्हणाले, "धाकट्यानं काल ताणा कापला बाई. मधल्याच्या मागावरचा."

ताणा म्हणजे मागावर चढवलेले उभे धागे. विणकराच्या पोराने चढवलेला ताणा कापणं म्हणजे ताटावर लाथ मारण्यासारखं. मी पेन खाली ठेवलं.

"सर, दोघांना समोर बसवा. तुम्ही थोरले आहात. दोन कानाखाली वाजवा, पण बाहेरचं कुणी आणू नका."

"बसवलं होतं. लई वेळा बसवलं. आता दमलो मी." मग पुढचा पेपर ओढत म्हणाले, "आपला एक विद्यार्थी आहे. नगरसेवक झालाय. मध्ये पडतो म्हणाला."

मला राहवलं नाही. "सर, आणि हे जहाज कुणाचं?"

ते हसले. फार दिवसांनी हसले. "बाई, हे आपलंच आहे की. माझ्याच वर्गातलं. सामोआचा तास ऐकून गेलेलं पोरगं ते."

शिक्षकच अशी चूक करू जाणे. आपल्या हाताखालून गेलेलं पोरगं बाहेरचं असू शकतं, हे आमच्या जातीला सुचतच नाही.

विद्यार्थी आला. सरांच्या पाया पडला. दोघा भावांचं ऐकून घेतलं, चिंचेचा भात खाल्ला आणि निवाडा होईपर्यंत कारखान्याला कुलूप घातलं. भांडण नको म्हणून किल्ली स्वतःकडे ठेवली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, कुलूप तसंच. भाऊ दुसऱ्यांच्या कारखान्यात रोजावर जाऊ लागले. शेवटी कंटाळून दोघांनीही विकायला होकार दिला, आणि घेणारा निघाला विद्यार्थ्याचा मेव्हणा. मधला भिवंडीला गेला, धाकटा जवळच्याच कुंभारी गावात. जाताना दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

"सही माझीपण आहे बाई," सर एवढंच म्हणाले.

त्या वर्षी वसाहतींचा धडा आला आणि गेला. पोरं म्हणाली, "सर, सामोआ?" सर म्हणाले, "पोर्शन राहिलाय." मी आपणहून नकाशा काढून टेबलावर ठेवला होता. तो तसाच गुंडाळलेला परत आला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. भोक पडलं तर पडू दे, पण घ्या हो एकदा, असं म्हणावंसं वाटलं.

मग खंडेनवमी आली. शाळेत आम्ही पुस्तकं, पृथ्वीचा गोल, नकाशे मांडून पूजेची तयारी करत होतो. बघते तर दारात सर. शिपाई रामोजी माझ्याआधी बोलला, "सर, तुमी आज हितं?"

"घरी बसवेना," सर म्हणाले. "माग चालू आहेत."

मला आधी कळलंच नाही. खंडेनवमीला, आणि माग चालू? मग लक्षात आलं. मेव्हण्याचा धंदा ट्रकचा. पूजा केलीच तर ट्रकची, मागांचं त्याला काय? भिंतीपलीकडे वडिलांचे माग सकाळपासून खटखटत होते आणि सर अलीकडे आंघोळ करून, सोवळं नेसून बसले होते.

त्यांनी पिशवीतून धोटा काढला. आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा, वडिलांच्या हातमागावरचा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. तो माझ्या गुंडाळलेल्या नकाशाजवळ ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

"हा तरी आज थांबलेला असू दे," म्हणाले, आणि मुलांच्या रांगेत मागे जाऊन उभे राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले आणि मुलीकडे राहायला गेले. धोटा न्यायला आलेच नाहीत. तो नकाशांच्या कपाटात राहिला. त्यांच्यामागे वसाहतींचा धडा काही दिवस माझ्याकडे आला. पोरांनी विचारलंच, "बाई, हितं भोक कसलं हो?" मी नकाशा टांगला, सरांसारखंच बोट ठेवायला गेले. बोट आरपार गेलं आणि भिंतीला लागलं.