न पाहिलेल्या खेळाचा इसार

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना मी दुकानदाराला म्हणालो, "आधी वानगी दाखवा."

कापसाच्या बाजारात असतो तर यात हसण्यासारखं काही नव्हतं. गाडीतून मूठभर कापूस काढून दाखवायचा, ती वानगी. ती पाहिल्याशिवाय आमच्याकडं कुणी भाव बोलत नाही. पण मी उभा होतो आदिलाबादच्या बसस्टँडजवळच्या टीव्ही-रेडिओच्या दुकानात, आणि सौदा चालला होता व्हिडिओ गेमच्या कॅसेटचा. तीही अजून आलेली नव्हती.

कापसाच्या गावात धंदा करणारा माणूस, वानगी त्याला बरोबर कळली. "सार, ये गेम है, कपास नहीं. मुठ्ठी में कैसे निकालूँ?"

गिऱ्हाइकं हसली. माझी अकरा वर्षांची मुलगी माझ्यापासून दोन पावलं बाजूला सरकली, जणू आम्ही वेगवेगळ्या बसनं तिथं आलो होतो.

ही नव्वदनंतरची गोष्ट. टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा आमच्या घरी आदल्या वर्षी आला होता, दोन रिमोट आणि एका कॅसेटसकट. त्या कॅसेटमध्ये एक लाल मोटार रस्त्यावरून पळायची, बाजूला तीच ती झाडं पुन्हापुन्हा यायची, आणि आम्ही घरभर खूश होतो. मग दिवाळीत नागपूरहून बायकोच्या भावाची दोन पोरं आली. थोरल्यानं पाच मिनिटं खेळून रिमोट खाली ठेवला आणि विचारलं, "आत्या, तुमच्या आदिलाबादले सारं जुनंच येते काय वो?"

आत्यानं ते हसण्यावारी नेलं. मुलीनं नेलं नाही. वर्षभर तिच्या डोक्यात एकच होतं: दोघांनी एकाच वेळी खेळायची मोटारसायकलच्या शर्यतीची नवी कॅसेट आणायची, आणि मामाच्या पोराला आपल्याच घरात हरवायचं. जाताना त्याला तिनं सांगूनही टाकलं होतं, "पुढच्या दिवाळीले ये, मंग पाहू."

दुकानदाराचं म्हणणं असं की माल दिवाळीआधी नागपूरहून येणार, मोजकाच येणार, आणि ज्यानं आधी पैसे भरले त्यालाच मिळणार. याला तो बुकिंग म्हणत होता. आमच्याकडं याला इसार म्हणतात, पण इसार द्यायचा तो बैलाचे दात पाहून, पाठीवर थाप मारून, चार पावलं चालवून. न दिसलेल्या बैलाचा इसार देणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. आमचे बाबा कापसाच्या गाडीत खांद्यापर्यंत हात खुपसत, कारण वर पांढराशुभ्र आणि आत ओला, हा प्रकार त्यांना पाठ होता. त्यात माझी नोकरी महसूल खात्यातली, गिरदावराची. कुणाच्या वावरात काय पेरलंय ते बांधावर उभं राहून पाहायचं आणि मगच पहाणीत, म्हणजे पिकांच्या सरकारी वहीत, लिहायचं. तूर आहे असं सांगणाऱ्याच्या वावरात मी नुसती कुसळं पाहिलेली आहेत.

पण इसार माझा नव्हताच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, मुलगी आमचा निर्मळचा लाकडी बैल घेऊन साऱ्या कॉलनीत फिरली होती. एका शिंगाचा रंग उडालेला तो बैल लोकांनी ओवाळला आणि तिच्या हातावर बोजारा म्हणून सुटे पैसे ठेवले. तो सगळा बोजारा तिनं दुकानदाराच्या काचेवर ठेवला. मी फक्त शेजारी उभा राहून संशय घेतला.

तिथून पुढं संशय हाच माझा धंदा झाला. दफ्तरातून घरी यायचा रस्ता सरळ होता; मी तो बसस्टँडवरून वाकडा करून घेतला. "आली का?" मी विचारायचो. "दिवाली के पहले, सार," तो म्हणायचा. रोज तेच शब्द, तोच सूर. खरं बोलणारा माणूस रोज थोडं तरी वेगळं बोलतो, असं माझं मत झालं. एके दिवशी त्याच्या दुकानात नवा पंखा लागला. तो मला आमच्याच इसारावर फिरताना दिसला.

"कशाले जाता रोज तिथं?" बायको म्हणाली. "तो काय दुकान डोक्यावर घेऊन पळते?"

"दुकान राहीन वो. माल येईन काय?"

"पोरीले तं भरोसा हाय."

"ती लहान हाय."

"बरं हाय बाई," असं म्हणून ती भाजी निवडायला लागली.

दिवाळी तोंडावर आली आणि मला सरकारी कामानं निर्मळला जावं लागलं. काम आटोपून बाजारातून जात होतो, तर एका दुकानात दोरीला ती कॅसेट लटकलेली! वर आमच्या दुकानदारानं दाखवलेल्या चित्रातली तीच मोटारसायकल, तेच वाकलेले दोन स्वार, तीच धूळ. निर्मळला मिळते आणि जिल्ह्याच्या गावी मिळत नाही, म्हणजे काय समजायचं?

मी कॅसेट हातात घेतली. हलवून पाहिली, आत काही वाजत नव्हतं. वजन पाहिलं. मागचे स्क्रू नखानं तपासले. वास घेतला, तो नव्या प्लास्टिकचाच होता. बाबांनी बैल पाहिला नसता इतक्या बारकाईनं मी ती पाहिली. "लावून दाखवा," असंही म्हणालो. दुकानदारानं वरच्या बंद पंख्याकडं बोट केलं; लाईन गेलेली होती, कधी येईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि माझी बस सुटायला आली होती. पण वस्तू डोळ्यांसमोर होती, हातात होती. मी ती घेतली.

इचोड्याला बस चहाला थांबली तेव्हा मी ती पिशवीतून काढून पुन्हा एकदा पाहिली. पुढं आदिलाबादपर्यंत भांडणाची तयारी केली. इसार परत मागितला की दुकानदार काय म्हणेल, मग मी काय म्हणेन, मग आवाज कुठं चढवायचा, सगळं ठरवलं. त्याच्या काचेसमोर उभा राहून पहिलंच वाक्य बोललो, तर त्यानं गल्ला उघडला आणि सगळा बोजारा माझ्यासमोर ठेवला. "थोडे दिन रुकते तो मिल जाता, सार," एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं, "पाह्यलं? एका शब्दानं भांडला नाही. माल येनारच नव्हता त्याचा."

"अन् भांडला असता तं?"

"तं पैसे खायचे होते म्हनून भांडला."

तिनं चकलीचं पीठ मळायला घेतलं. मुलीला काही सांगायचं नाही, असं मी बजावलं. कॅसेट कपाटावर लपवली. दिवाळीला पाहुण्यांसमोरच काढायची, असा माझा बेत.

नागपूरची पोरं आली. फराळ झाला. मी स्टुलावर चढून कॅसेट काढली आणि मुलीच्या हातात दिली. तिचा चेहरा असा झाला की दोन महिन्यांच्या संशयाचं चीज झालं असं मला वाटलं. तिनं मामाच्या पोराला रिमोट दिला, दुसरा आपण घेतला, आणि मी बटण दाबलं.

पडद्यावर मोटारसायकल आली. वाजंत्री झाली. मग मोटारसायकल गेली आणि रस्त्यावर एक लाल मोटार पळायला लागली. बाजूला तीच झाडं.

"आत्या," थोरला म्हणाला, "हे तं मागच्या वर्षीचंच हाय!"

मी कॅसेट काढली, फुंकर मारली, परत लावली. लाल मोटार. बंद केलं, चालू केलं. लाल मोटार. तेवढ्यात समोरच्या घरातून मुलीच्या मैत्रिणीची हाक आली, "ये वो लवकर! मोटारसायकलची आली! दुकानवाल्यानं सकाळीच देल्ली!" तिनंही इसार दिला होता, आमच्याच दुकानात.

नागपूरची पोरं चपला न घालताच धावली. मुलगी दारात थांबली.

"बाबा, आपनही बुक केली होती ना? मंग आपली कुठं हाय?"

"मी इसार वापस घेतला."

"काऊन?"

पहाणी, बैलाचे दात, ओला कापूस, नवा पंखा, सगळं मी एका दमात सांगायला लागलो. तिनं बैलाच्या दातांपर्यंत ऐकलं, मग चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून गेली. समोरच्या घरात आरडाओरडा सुरू झाला. मामाचा पोरगा कुणाच्या तरी घरात हरत होता, पण ते घर आमचं नव्हतं.

न आलेल्या खेळाचे पैसे आधी देऊन ठेवावेत की नाही, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. न पाहिलेला माल खरा निघाला, म्हणून पुढच्या वेळी डोळे मिटून द्यावेत? छे. फरक पडला तो एवढाच की आता मला पाहिलेल्या मालाचाही संशय येतो.

मी टीव्हीसमोर बसून राहिलो. लाल मोटार आपोआप पळून झाडावर आदळली. बायको स्वयंपाकघरातून चकल्यांनी भरलेलं ताट घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं.

"हे तिकडं पोरायले देऊन या," ती म्हणाली. "अन् लगेच नोका येऊ. बसा घडीभर तिथंच. वानगी पायजे होती ना तुमाले? पाहून या."