हिप्परग्याच्या तळ्यावरचा लाकडी पर

मालवणहून सोलापूरला पाण्यात खेळायला चाललोय, असं एसटीतल्या शेजाऱ्याला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. "समुद्र सोडून?" त्याने विचारलं. मला तरी कुठे पटत होतं! पण माझा मित्र सत्यनारायण, आमचा सत्या, त्याचं बोलावणं टाळता येण्यासारखं नव्हतं. पुण्यात शिकताना आम्ही एका खोलीत राहिलो होतो, आणि आता तो सोलापुरात वडिलांचे यंत्रमाग सांभाळत होता. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल तेव्हा. कुठल्याशा गिरणीत यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर परत जाताना आपली शिडाची फळी सत्याला देऊन गेला. फळीवर उभं राहायचं, शीड हातांनी धरायचं आणि वाऱ्यावर पाणी कापत जायचं, असा तो प्रकार. "तू दर्यावरचा माणूस, ये की शिकवायला!" म्हणे. दर्यावरचा खरा, पण मी शाळेत गणित शिकवतो हो. असली फळी जन्मात पाहिली नव्हती.

कोल्हापूरला गाडी बदलली. मिरज मागे पडल्यावर हिरवाई आटत गेली आणि दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारीची ताटं आणि धूळ. सोलापुरात सत्याच्या गल्लीत शिरलो तर घराघरातून मागांची खटखट. त्याची बायको लक्ष्मी दारातच उभी होती. या विणकरांच्या घरांत तेलुगू बोलतात, बाहेरच्यांशी मराठी. तिने भाकरी, दही, शेंगांची चटणी वाढली आणि समोरच बसली.

"अण्णा (थोरला भाऊ), ह्यांना विहिरीत पोहता येतंय. तळ्यात काय होतंय मला ठाऊक न्हाय. तुमी हाय म्हणून सोडते मी." मग हळूच म्हणाली, "जाग्रत्त (जपून)."

झालं! त्या बाईने नवऱ्याचा जीव माझ्या पदरात टाकला होता.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत फळी टाकून हिप्परग्याच्या तळ्यावर गेलो. तुळजापूरच्या रस्त्याला लागून पसरलेलं हे पाणी पाहून मी चकित झालो. पलीकडचा काठ धूसर दिसत होता. वारा बेताचा, पाण्याकडून थेट आमच्या तोंडावर येणारा, आणि त्याच्या जोरावर बारक्या लाटा काठाला थपडा मारत होत्या. असल्या वाऱ्यात काठ सोडणंच मुश्कील, हे होडीवाल्यांकडून लहानपणापासून ऐकलं होतं.

फळीच्या शेपटीखाली माशाच्या परासारखी एक पात असते. तिलाही आम्ही 'पर'च म्हणू लागलो. पर पाण्यात रुतून राहतो म्हणून फळी सरळ जाते, नाहीतर वारा तिला आडवी ढकलत नेतो. मूळचा पर ट्रकमधून उतरवताना मोडला होता. सत्याने धोटे (मागावर आडवं सूत नेणारे लाकडी ठोकळे) करणाऱ्या सुताराकडून दोन नवे करून घेतले होते. एक चांगला दीड वीत लांब, दुसरा जेमतेम त्याच्या निम्मा.

मोठा पर पाचर मारून बसवला. सत्या फळीवर चढतोय तोवर पर गाळात रुतला. ढकलून पुढे नेली तर त्याच्याभोवती शेवाळाची ही एवढी दाढी! मग छोटा लावला. आता रुतेना, पण सत्या पुढे कमी आणि बाजूला जास्त जाऊ लागला. वाऱ्याने त्याला आणून काठाच्या चिखलात बसवलं. म्हशी धुणारा एक जण मनापासून हसत होता.

शेवटी काठावर बसून मोठ्या पराचं टोक करवतीने थोडं उडवलं. पुढची कड मागे झुकती केली, म्हणजे शेवाळ अडकायचं नाही, निसटून जाईल. मागची कड कानस लावून पातळ केली आणि पर खाचेत थोडा पुढे सरकवला, म्हणजे वळायला सोपं. दुपारी सत्या जो निघाला तो वाऱ्याला तिरका जात, लाटा ओलांडून पार खोल पाण्यापर्यंत जाऊन वळून आला. अहाहा! मी चक्क टाळ्या पिटल्या. फक्त पाचर हलत होती. पर कायमचा चिकटवायचा, असं ठरलं.

पर ओसरीत वाळत ठेवून दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. दोन नळ्यांतलं मिश्रण कालवून लावायचा परदेशी डिंक मिळाला. संध्याकाळी पर चिकटवला. "घासून घासून कसा गुळगुळीत झालाय बघ," सत्या म्हणाला. मीही कौतुकाने हात फिरवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तळ्यावर वारा तसाच होता. सत्या झपाट्याने आत गेला आणि शीड लहान लहान होत गेलं. मला सारखं वाटत होतं, पुरे, आता वळ. आणि एकाएकी शीड दिसेनासं झालं.

पडला असेल, उठेल. मी वाट पाहिली. पाण्यावर नुसतं ऊन चमकत होतं. मी हाका मारू लागलो, पण वारा माझ्याच तोंडावर येत होता, हाक जाणार कुठे? किती वेळ गेला कोण जाणे. लाटेबरोबर काहीतरी हेलकावत पायाशी आलं. आमचा पर होता तो! उचलला तर हातातून सटकला. बूड अगदी स्वच्छ, डिंकाचा कण नाही, आणि वास जवसाच्या तेलाचा.

म्हशीवाला उभा राहिला. "पाव्हणं, फळी येतीया बगा. मानूस कुटं हाय?"

फळी रिकामी होती. लक्ष्मीला मी कुठलं तोंड दाखवू? चपला काठावरच टाकून पाण्यात शिरलो, फळी गाठली, शिडाचा खांब ओढून काढला आणि तिच्यावर पालथा पडून हातांनी पाणी मारू लागलो. पर नसलेली फळी सरळ जाईल तर शपथ! डावा हात मारला की उजवीकडे गर्रकन फिरे, उजवा मारला की डावीकडे. शिव्या देत, रडत, देवाला हाका मारत मी सरकत राहिलो.

सत्याचं डोकं दिसलं तेव्हा आधी विश्वासच बसेना. तो बुडी मारत होता! वर यायचा, दम घ्यायचा, पुन्हा खाली. ओठ पांढरे पडलेले.

"पर निसटला," तो धापा टाकत म्हणाला. "लई खोल गेला वाटतं, सापडंना."

"अरे गाढवा, लाकूड बुडतं का? तो केव्हाच काठाला लागलाय!"

त्याने फळीला मिठी मारली. परत यायला काहीच करावं लागलं नाही. तोंडावर येणारा तो वारा आम्हा दोघांना हळूहळू काठाकडे ढकलत राहिला.

"घरी काही बोलू नगंस," वाटेत सत्याने बजावलं. मी मान डोलावली. पण दारातच लक्ष्मीने हसत विचारलं, "अण्णा, बरं पळाली का फळी? काल तुमी बाजारात गेलाव की, तवा मी पर तेलात बुडवून ठेवला होता. आमी धोटं असंच मुरवतो, मग कसं सुळकन पळतंय! पुसून ठेवला पुन्हा. आता दुसरा पर केला की चांगला दोन दिवस ठेवते."

सत्या मागून खुणा करत होता. आणि मला काही केल्या गप्प राहवेना. पुन्हा तेल, पुन्हा तो डिंक, आणि मी मालवणात! "वहिनी, तेल नका लावू, तेलावर डिंक धरत नाही," मी म्हणालो, आणि पर येऊन लागला तिथपासून सगळं सांगितलं.

ती मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून रडली, मग नवऱ्याला तेलुगूत बरंच काही ऐकवलं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, सत्याला मात्र सगळं कळत होतं. निरोप देताना ती म्हणाली, "तुमी सांगितलं म्हणून कळलं. ह्यांनी सांगितलं नसतं, आन् मी पुन्हा तेल लावलं असतं."

परतीच्या गाडीत डोळा लागला नाही. माणसं जिवावरचं संकट घरच्यांना कळू नये म्हणून झाकतात आणि वर त्याला माया म्हणतात. मीही तेच करणार होतो. सोलापूर पाहिलं, चादर आणली, बस्स, एवढंच सांगायचं ठरवून निघालो होतो.

मालवणला पोचल्यावर बायकोने चहा ठेवला आणि मी पहिल्यापासून सांगायला बसलो. रिकाम्या फळीपाशी तिचा चेहरा उतरला. सगळं ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "पुन्हा जाणार आहात तिथे?"

"हो," मी म्हणालो. नाही म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं झालं असतं.