आत्याची चटई

विनीता परुळेकरने जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, आणि कुणी काही पुढे केलं तर पहिल्या फटक्यात घेतलंही नाही. वेंगुर्ल्याच्या घरचं वळणच तसं होतं. शेजारणीने लाडू दिला की आधी ‘नको’, मग ‘खरंच नको हो’, आणि मग कुठे ‘बरं, अर्धाच द्या’. समोरच्यानेही तेवढ्याच नेटाने आग्रह करायचा. आग्रह झाला नाही तर पोटभर जेवूनही माणूस उपाशी उठल्यासारखा उठायचा, आणि घरी जाऊन यजमानाच्या सात पिढ्या काढायचा.

पुढे विनीता क्युपर्टिनोला आली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभी हयात घालवून निवृत्त झाली. इथे एकदा ‘नो, थँक यू’ म्हटलं की विषय संपतो हे तिला ठाऊक होतं. किती वाढदिवसांचे केक अशा ‘नो’पायी तिच्या नाकासमोरून पुढच्या टेबलावर गेले होते! पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

तिने लग्न केलं नाही. तिचं सगळं जग म्हणजे भावाचा मुलगा, देवांग. भाऊ त्र्यंबक सदा कामासाठी फिरतीवर. वहिनी मूल नर्सरीत असतानाच गेली. विनीता बॅग घेऊन भावाच्या घरी आली ती तिथलीच झाली. देवांगचे डबे तिने भरले, शाळेच्या मीटिंगांना तीच गेली, गाडी चालवायला शिकवतानाचे धक्केही तिनेच खाल्ले. त्याचं नावही तिनेच ठेवलं होतं. कुणीतरी आणून दिलेला पाळणा, अपार्टमेंटमध्ये दाटीने बसलेल्या बायका, आणि बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगणारी आत्या. नाव सांगून होतं न होतं तोच बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले होते.

ही गोष्ट देवांगने लहानपणी ऐकली आणि धरूनच ठेवली. दर वाढदिवसाला केक कापायच्या आधी तो मागून येऊन तिच्या पाठीत एक गुद्दा घालायचा. “आत्या, दॅट्स फॉर माय नेम!” मोठा झाला, सहा फुटी झाला, तरी चुकला नाही. “अरे मेल्या, हाडं मोडशील माझी,” असं ती म्हणायची, आणि लगेच, “एवढंच? जोर नाही वाटतं?” मग तो दुसरा घालायचा.

त्र्यंबक वारल्यावर दोन वर्षांनी देवांगने लग्न ठरवलं. मुलगी टोंगाची. म्हणजे पॅसिफिकमध्ये नकाशावर कुणी मोहऱ्या सांडाव्यात तशी जी बेटं दिसतात, तिथलं तिचं कुळ; ती स्वतः सॅन मटेओची. त्याबद्दल विनीताला काही अडचण नव्हती. अडचण नावाची होती. मुलीचं नाव होतं मेले.

“काय म्हणालास?”

“मेले. म्हणजे त्यांच्याकडे मेरी, आत्या. खूप कॉमन नेम आहे.”

“असेल बाबा. पण तिन्हीसांजेला घरात हाक कशी मारू मी तिला?”

देवांग पोट धरून हसला. विनीताने मात्र ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. ती तिला सूनबाई म्हणायची. मेलेला तो शब्द फार आवडला. ती आपणहून फोनवर “हाय आत्या, सूनबाई हिअर” म्हणू लागली.

लग्न सॅन मटेओच्या एका हॉलमध्ये झालं. मेलेची आई लुपे स्कूल बस चालवायची. उंच, रुंद, हसली की अख्खी हलायची. जेवणाआधी ती आणि तिच्या बहिणी एक गुंडाळी खांद्यावर घेऊन आल्या आणि थेट विनीतासमोर जमिनीवर उलगडली. चटई होती. पण चटई म्हणावं तर हाताला रेशमी लागणारी, बारीक विणीची, कडेला लाल पिसं लावलेली. विनीताने कडेवर अंगठा फिरवला आणि अंगठ्याने ओळखलं. केवड्याच्या जातीचं पान! वेंगुर्ल्याच्या खाडीकाठी याच पानांच्या काट्यांनी तिने पोटऱ्या ओरबाडून घेतल्या होत्या. इथे काटे काढून, पानं भिजवून, उन्हात पांढरी करून, चिरून कुणीतरी त्याचं कापड केलं होतं. ती पानं टोंगातल्या बहिणींनी पाठवली होती, आणि लुपेने बसच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आपल्या गराजमध्ये बसून विणली होती. सगळ्या बायका जमिनीवर बसल्या. लुपेच्या डोळ्यांत पाणी होतं. “धिस इज फॉर यू,” ती म्हणाली.

विनीताचा जीव त्या चटईवर जडलाच होता. म्हणूनच ती वळणाप्रमाणे म्हणाली, “नो, नो. आय कान्ट टेक धिस. प्लीज.”

आणि आग्रहाची वाट पाहत बसली.

लुपेने मान खाली घातली. बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्यांनी चटई जितक्या हळू उलगडली होती तितक्याच हळू गुंडाळली आणि घेऊन गेल्या. विनीता तोंड उघडं टाकून पाहत राहिली. पुढे मंडळातल्या बायकांना ती हा किस्सा रंगवून सांगायची. “एकदाच विचारलं हो! एकदाच! मी आपली दुसऱ्या ‘घ्या’साठी हात पुढे करून बसलेय, तर चटई गाडीत!” सगळ्या खो खो हसायच्या.

वर्षभराने देवांगच्या समोरही तिने तो सांगितला. तो हसला नाही.

“आत्या, तुला माहितीय का ते काय होतं?”

“चटई.”

“त्यांच्याकडे वडिलांची बहीण सगळ्यात मोठी असते. डॅडपेक्षा मोठी. माझ्या लग्नात, माझ्या कशातही, तुझी सीट सगळ्यात वर. ती चटई म्हणजे ती सीट. तू नको म्हणालीस म्हणजे, यू नो, तू मला नको म्हणालीस.”

“अरे, पण मग पुन्हा विचारायचं ना!”

“आत्याला दुसऱ्यांदा कोण विचारणार? तिचा शब्द फायनल असतो. पुन्हा विचारणं इज रूड. लुपे वॉज क्राइंग इन द कार.”

आपल्याकडे म्हणतात, आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. तिकडे मिशांची गरजच नव्हती. आत्याबाई बापाच्याही वर बसलेली होती. आणि ही आत्याबाई तिथून स्वतःच्या हाताने खाली उतरली होती. हात दाखवून अवलक्षण! विनीताला लाज वाटली, खरी वाटली. जाऊन दोन शब्द बोलायचे एवढंच होतं. पण ‘ती चटई मला द्या’ असं आपल्या तोंडाने मागायचं? ते तिच्याने होईना. दिवाळीला फराळ घेऊन जाऊ तेव्हा बोलू, असं ठरलं. मग संक्रांतीला तिळगुळाबरोबर. दरवेळी लुपे डबा दोन्ही हातांनी घ्यायची, हसायची, विनीताला सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसवायची, आणि विनीता हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायची. असं करता करता लग्नाला पाच वर्षं झाली.

एका रविवारी सकाळी फोन वाजला.

“आत्या,” पलीकडून आवाज आला. “मेले.”

सूनबाई हिअर नाही. नुसतं मेले. त्या एका क्षणात विनीताला तो शब्द फक्त मराठीतच ऐकू आला, आणि तो खराच होता. टेनिस खेळताना देवांग कोर्टवर कोसळला होता. चौतिसाव्या वर्षी. लॅबमध्ये माणसांची रक्तं तपासण्यात आयुष्य गेलं, आणि घरातल्या पोराच्या छातीत काय चाललंय ते तिला कळलं नाही. हे ती पुढचे तीन दिवस भेटेल त्याला सांगत होती.

फ्युनरल होममध्ये देवांगला मधोमध ठेवलं होतं. अग्नी संध्याकाळी द्यायचा होता. एका बाजूला मराठी माणसं, दुसऱ्या बाजूला मेलेचं सगळं कुळ काळ्या कपड्यांत. त्यांनी कमरेला मोठमोठ्या चटया गुंडाळल्या होत्या, जुन्या, विटलेल्या, काठाच्या चिंध्या झालेल्या. लुपेची तर छातीपासून पायांपर्यंत होती आणि ठिकठिकाणी फाटलेली. देवांगचा लहानपणापासूनचा मित्र यतीन विनीताशेजारी बसला होता. त्याने हळूच मेलेला त्या चटयांबद्दल विचारलं.

“गेलेल्या माणसापुढे आपण लहान असतो,” मेले इंग्रजीत म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. “म्हणून फाटकी नेसायची. चांगलं काही फक्त त्याची आत्या...” आणि ती थांबली.

विनीताने तेव्हा पाहिलं. देवांगच्या डोक्याशी जागा मोकळी होती. एवढी गर्दी, माणसं भिंतीला टेकून उभी, आणि तिथे कुणी बसत नव्हतं. बहिणी जवळ जायच्या, रडायच्या, आणि त्या जागेला वळसा घालून मागे यायच्या. पोराच्या उशाशी कुणी नव्हतं. तो लहानपणी तापाने फणफणला असताना ती रात्रभर ज्या जागी बसायची, ती जागा तिच्या एका ‘नको’पायी रिकामी होती. आणि ती मागच्या रांगेत, पाहुण्यासारखी.

ती उठली. भर सभेत चालत लुपेसमोर गेली. जन्मात जे केलं नव्हतं ते करायला जीभ उचलेना.

“लुपे, ती चटई... अजून आहे? दुसऱ्या कुणाला दिली नसेल तर... मला द्याल? मला हवीय. प्लीज.”

लुपेला रडूच फुटलं. “गाडीत आहे,” ती म्हणाली. “पाच वर्षं माझ्या गादीखाली होती. दुसऱ्या कुणाला कशी देऊ? आज बरोबर आणली. पण तुम्ही नको म्हणाला होता. मी पुन्हा कशी विचारणार?”

बहिणी गेल्या आणि गुंडाळी खांद्यावर घेऊन आल्या. विनीतासमोर ती उलगडली. सगळ्या जमिनीवर बसल्या, अगदी लग्नातल्यासारख्या. “धिस इज फॉर यू,” लुपे म्हणाली. विनीताची जीभ सवयीने टाळ्याला लागली, ‘न’ तिथपर्यंत आला, आणि तिने तो गिळला. दोन्ही हात पुढे करून तिने चटई घेतली. वरातीमागून घोडं ते काय, ते तिला त्या दिवशी कळलं.

मग ती देवांगच्या उशाशी चटईवर बसली. माणसं एकेक करून येत होती. आधी तिच्यापुढे वाकत होती, मग त्याच्यापुढे. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. भांग उलट्या बाजूला पाडला होता, तो तिने नीट केला.

न्यायची वेळ झाली. विनीता उठली, तिने चटई उचलली आणि त्याच्या अंगावर गळ्यापर्यंत घातली. पिसांची कड हनुवटीखाली सारखी केली.

“पण ती तुमची आहे,” लुपे म्हणाली.

“माझी आहे म्हणूनच. लहानपणापासून पांघरूण लाथाडतो हा.”

मग ती वाकली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ केलं आणि सांगितलं, “देवांग.” पुन्हा सांगितलं, “देवांग.” ती तशीच वाकून राहिली. तिला उठताच येईना, कारण तिची पाठ वाट बघत होती.

मागे कुणाची तरी चाहूल लागली. फाटक्या चटईचा सळसळाट झाला. देवांगने मेलेला सगळं सांगितलेलं असणार. तिने मूठ वळली आणि हळूच, अगदी लागेल न लागेल अशी, आत्याच्या पाठीवर मारली.

विनीता वळली नाही. त्याच्या अंगावरची चटई दोन्ही मुठींत धरून ती हुंदक्यातून म्हणाली, “एकदाच नको गं, मेले. अजून मार.”