चौदा वर्षांचं नाक

फुमाच्या फ्रिजच्या दारावर संतांच्या दिवसांचं कॅलेंडर होतं. आता संत मागे पडले होते आणि प्रत्येक चौकोनात पिकोच्या गोळ्या होत्या. सकाळी सातला हृदयाची, अकराला मूत्रपिंडांसाठी पूड, संध्याकाळी सांध्यांची अर्धी, आणि पोटातल्या गाठीसाठी एक पांढरी. ती मात्र हातमोजे घालून द्यायची. गाठ कॅन्सरची होती. ती काढायची म्हटलं तर चौदा वर्षांच्या कुत्र्याचं हृदय भूल सोसणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टर यास्नानं ऑगस्टमध्येच सांगून टाकलं होतं. त्या दिवशी फुमा गाडीत बसून पोटभर रडली, आणि येताना कोंबडी घेऊन आली.

इस्त्रिया प्रांतातल्या त्या गावच्या शाळेत तीस वर्षं दोनशे पोरांचा स्वयंपाक केलेली बाई ती. एका कुत्र्याचं पथ्य तिला काय जड? बिनमिठाची कोंबडी, मऊ भात, आणि ताज्या चीजच्या लाडवात दडवलेली गोळी. पिको चीज तेवढं खायचा आणि भातातला खडा काढावा तशी गोळी बशीच्या कडेला ठेवून द्यायचा. मग फुमा त्याला शिव्या घालत दुसरा लाडू वळायची. दोघांचं हे दिवसातून चार वेळा चालायचं, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्यात मजा येत होती.

ऑक्टोबर आला आणि मजा संपली. ओकच्या झाडांच्या मुळांशी जमिनीखाली ट्रफल पिकायला लागले, सोन्याच्या भावानं विकली जाणारी, कुत्र्याच्या नाकालाच सापडणारी बुरशी. पहाट झाली की गावातली कुत्री मालकांबरोबर मिर्ना नदीकाठच्या जंगलात जायची, आणि पिको फाटकापाशी बसून त्यांची पावलं ऐकायचा. बारा हंगाम त्यानं फुमाबरोबर नाकानं ट्रफल शोधले होते. वसंतात मागचे पाय अधू झाले आणि जंगल सुटलं. आता त्यानं खाणंही सोडलं. चीज नको, कोंबडी नको, कशालाच तोंड लावेना.

चौथ्या दिवशी यास्ना घरी आली. पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं. गाठ होती तेवढीच होती.

"मावशी, याचं पोट बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "जंगलाचा हंगाम आहे आणि हा घरात आहे. एकदा घेऊन जा त्याला. शनिवारपर्यंत खाल्लं नाही, तर गोळ्या पोटात जाणार कशा? मग मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

तो गुरुवार होता.

जंगलात न्यायचं, पण नेणार कसं? पिको सोळा किलोचा, फुमाच्या दुखऱ्या कमरेला पट्टा, आणि गाडी थांबते तिथून पुढे अर्धा तास चिखल. एकचाकी हातगाडीत घालून न्यायचं म्हटलं तर ढकलायला दणकट माणूस हवा. असा माणूस शेजारीच होता. पण तो प्येरो होता.

त्या खोऱ्यात माणूस बायकोला बँकेतली शिल्लक सांगेल, पण ट्रफलची जागा सांगणार नाही. बाप मरताना मुलाच्या कानात सांगतो, तेही मुलगा बरा निघाला असेल तर. प्येरो आणि फुमा चाळीस वर्षं एकमेकांना खोटं सांगत आले होते. एकदा प्येरो लपतछपत तिच्या मागोमाग निघाला, तर फुमानं त्याला तासभर चिखलात फिरवून थेट दफनभूमीत नेलं आणि त्याच्याच बापाच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. "तू काही येत नाहीस, म्हटलं आपण तरी यावं," असंही वर ऐकवलं.

पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. फुमा नाक मुठीत धरून प्येरोच्या दारात गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डोळ्यांवर फडकं बांधून येऊ का?"

"बांधलंस तर गाडी झाडावर घालशील," फुमा म्हणाली. "आधीच काय कमी आंधळा आहेस?"

शुक्रवारी सकाळी निघाले. हातगाडीत जुनी रजई, रजईवर राजासारखा पिको. फुमानं आधी मुद्दाम उलट्या दिशेनं दोन वळणं घेतली, पण पिकोला वळणं मंजूर नव्हती. तो ओढ्याकडे मान करून असा ओरडू लागला की प्येरोला हसू आवरेना. शेवटी फुमानं कपाळाला हात लावला आणि सरळ वाट धरली. तीन ओक, वाकलेला पॉप्लर, खाली ओढा. चाळीस वर्षांत तिनं तिथे कुणाही माणसाला आणलं नव्हतं.

प्येरोनं पिकोला उचलून पानांत ठेवलं. पिको लटपटत उभा राहिला, नाक खाली घातलं, चार पावलं गेला, परत फिरला. पुन्हा गेला. मग बसला आणि मान पंजांवर टेकवली. त्याला कसलाच वास लागला नव्हता. औषधांनी नाकही गेलं की काय, असं फुमाला वाटलं. डोळे पुसताना प्येरोला दिसू नये म्हणून ती पाणी आणायला ओढ्यावर गेली.

वाडगा भरून आली तेव्हा पिको उकरत होता. हळूहळू, एकाच पंजानं, पण शेपूट जोरात हलत होती. प्येरो झाडांच्या शेंड्यांकडे बघत उभा होता. पिकोनं अक्रोडाएवढा ट्रफल बाहेर काढला आणि फुमाच्या बुटावर ठेवून बक्षिसाची वाट पाहत राहिला. तिनं पावाचा तुकडा दिला. त्यानं खाल्ला. दुसरा खाल्ला. मग चीजचा लाडू, त्यातल्या गोळीसकट, न कुरकुरता.

फुमानं ट्रफल उचलला आणि अंगठा फिरवला. त्याच्या सुरकुत्यांत लाल माती अडकलेली होती. ओढ्याकाठची माती राखाडी. लाल माती त्या सगळ्या खोऱ्यात एकाच ठिकाणी, चुन्याच्या जुन्या भट्टीमागच्या उतारावर. बापानं प्येरोच्या कानात काय सांगितलं होतं, ते तिच्या तळहातावर होतं. लहान पिल्लांना शिकवताना पुरतात तसा प्येरोनं खिशातून आणलेला ट्रफल पुरला होता, आणि घाईत माती झटकायची राहिली होती.

ती ओढ्यापाशी बसली आणि ट्रफल पाण्यात धरून घासू लागली.

"अगं, धुतेस काय?" प्येरो धावत आला. "भिजलेला ट्रफल कुणी हातात तरी घेईल का?"

तेवढ्यात पाण्यातून जाणारी तांबूस रेघ त्याला दिसली आणि त्याचा चेहरा पडला.

"विकायचाय कुणाला? पिकोसाठी अंडं शिजवून त्यावर किसणार आहे," फुमा म्हणाली. ती घासतच राहिली, माती पार निघेपर्यंत. "म्हातारी झाले रे, प्येरो. हल्ली मला रंग नीट दिसत नाहीत."

 प्येरोनं पिकोला उचलून रजईवर ठेवलं आणि गाडीचे दांडे धरले.

"उद्या सातला ये," फुमा त्याला म्हणाली. "पिकोच्या अजून दोन जागा आहेत."