दुमडीत लपलेला शिक्का

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे वन्संना, हॉस्पिटलच्या धुलाई विभागात सगळ्या बायका 'कडक मावशी' म्हणायच्या. मावशींनी घातलेल्या घडीच्या कडेने बोट कापेल, अशी तिथली थट्टा होती. स्वभावही तसाच. हसल्या तरी ते हसणं इस्त्री करून आणल्यासारखं असायचं.

वन्सं तुरुंगात जाऊन आल्या होत्या. हे सरळच लिहिते, कारण ज्यांना कुजबुजायचं होतं त्यांचं कुजबुजून कधीच झालं आहे. नवऱ्याने रोजच्यासारखा हात उगारला तेव्हा त्या कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्या दिवशी त्यांनी इस्त्री खाली ठेवली नाही, एवढंच. त्याच्या गालावर अजून तो त्रिकोण आहे. तो गाल घेऊन तो मोकळा फिरला, आणि वन्सं आत गेल्या. मी रोज देवापुढे बसते, मन स्वच्छ ठेवायचा प्रयत्न करते, पण तो त्रिकोण आठवला की मला आजही बरं वाटतं. देवाला ते ठाऊक आहे. त्याच्यापासून काय लपवायचं?

सुटून आल्यावर खरी शिक्षा सुरू झाली. जिथे जावं तिथे एकच मागणी, पोलिसांचा दाखला आणा. शाळेच्या स्वयंपाकघरात दाखला, वृद्धाश्रमात दाखला. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यातसुद्धा दाखला. तिथून परत आल्या तेव्हा चप्पल काढता काढता म्हणाल्या, "मी रिकामी खोकी पळवून काय त्यात राहायला जाणार होते?" आम्ही दोघी हसलो. मग त्या मोरीत गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून बसल्या.

अशात त्यांना ठेकेदार भेटला. हॉस्पिटलच्या चादरी, पडदे, रुग्णांचे कपडे धुण्याचं काम त्याच्याकडे होतं. गोड माणूस. "मी माणूस बघतो, कागद बघत नाही," म्हणाला, आणि इतरांच्या निम्म्या पगारावर त्यांना ठेवून घेतलं. वन्संनी मान खाली घालून काम धरलं. वाफेने हात सोलवटायचे, सोड्याने नखं पांढरी पडायची, पण सकाळी डबा घेऊन निघताना त्यांची पाठ ताठ असायची. ती पाठ बघायला मी मुद्दाम दारात उभी राहायची.

काही काळाने ठेकेदाराने त्यांना एक वेगळं काम दिलं. चांगल्या चादरींचे गठ्ठे आणून टाकायचा आणि सांगायचा, "या हॉस्पिटलने बाद केल्यात. स्टँडसमोरच्या लॉजवाल्याने घेतल्यात. शिक्का आहे तेवढी पट्टी कापून टाक आणि कड शिवून दे."

"इतक्या नव्या चादरी बाद?" वन्संनी एकदा विचारलं.

"ए बाई, तुला काय करायचंय? की मागू दाखला?"

वन्संनी गठ्ठा पुढे ओढला. दाखला म्हटलं की त्या गप्प बसतात, हे त्याला पक्कं माहीत झालं होतं.

पुढे हॉस्पिटलात नवीन व्यवस्थापिका आल्या. कपाटं उघडून चादरी मोजणाऱ्या बाई. चादरी कमी भरल्या. त्यांनी ठेकेदाराला धुलाईतच उभं केलं, सगळ्या बायकांसमोर. ठेकेदाराने क्षणभरही विचार केला नाही. वन्संकडे बोट दाखवलं.

"मॅडम, ही बाई तुरुंगातून आलेली आहे. माझ्यापासून लपवलं हिने. मी भोळा माणूस, फसलो."

मॅडमनी वन्संना विचारलं, "तुम्ही तुरुंगात होता?"

"होते."

पुढचं कोणी ऐकूनच न घेता त्यांना कामावरून काढलं. फाटकावर त्यांची पिशवी उलटी केली. डबा उघडून भाजीत चमचा फिरवून पाहिला, जशा काही चादरी भाजीत लपवता येतात. मॅडमनी बजावलं, आठवड्यात चादरी आल्या नाहीत तर पोलिसांत तक्रार जाईल. आधी शिक्षा झालेल्या बाईचं पोलीस किती ऐकून घेतात हे आम्हाला कोणी समजावायची गरज नव्हती.

आमच्या घरी त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही. हे म्हणाले, "ताई, एखादा वकील बघू या. हात जोडू, काहीतरी मार्ग निघेल."

"वकील नको. मला त्या लॉजमध्ये एक खोली घेऊन दे," वन्सं म्हणाल्या.

हे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

"त्याने शिक्का कापायला सांगितला होता," वन्सं शांतपणे म्हणाल्या, "पण मी एकही कापलेला नाही."

तुरुंगातल्या शिवणखोलीत न विचारता बोटभर कापड कापलं तरी शिक्षा व्हायची. तेव्हापासून कात्री हातात आली की त्या अजून मागे वळून बघतात, कोणी उभं आहे का. म्हणून त्यांनी प्रत्येक चादरीचा शिक्का आत दुमडला आणि वरून शिवण घातली. ठेकेदार फक्त शिक्का दिसत नाही ना एवढंच बघायचा. शिवण उलटून बघायची अक्कल त्याला देवाने दिली नव्हती, आणि त्याबद्दल मी देवाची ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी लॉजवर गेलो. काउंटरवरचा माणूस चष्म्यावरून बघत राहिला.

"दोघीच?"

"घर पाहुण्यांनी भरलंय. जरा पाठ टेकायचीय," वन्सं म्हणाल्या.

"सामान?"

"हे काय, भावजय आणलीय."

खोलीत शिरताच वन्संनी चादरीची कड दोन बोटांत धरली आणि चाचपत गेल्या. कोपऱ्याजवळ बोटं थांबली. केसातली पिन काढून त्यांनी चार टाके उसवले. निळा शिक्का बाहेर आला, थोडा विटलेला, पण हॉस्पिटलचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. वन्सं हसल्या. ते हसणं इस्त्रीचं नव्हतं.

मी चादर ओढायला लागले तशी त्यांनी माझा हात धरला. "अगं, नेली तर माझ्याकडेच सापडली म्हणतील. ही इथेच राहू दे. मी हिच्यावर बसते. तू जा आणि त्या मॅडमला घेऊन ये."

मी आयुष्यात कोणा मोठ्या हुद्द्याच्या माणसाशी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी वाटभर नामस्मरण केलं आणि मॅडमच्या खोलीत उभी राहून म्हटलं, "तुमच्या चादरी सापडल्यात. आत्ता आलात तर दाखवते. उशीर केलात तर लॉजवाला त्या हलवून मोकळा होईल."

मॅडम आल्या. पहिली दुमड त्यांनी संशयाने पाहिली. मग शेजारची खोली उघडली, मग त्यापुढची. वन्सं पिन घेऊन पुढे आणि मॅडम मागे. लॉजवाला घामाघूम होऊन सांगायला लागला, "मी तर भाड्याने घेतो हो! दर महिन्याला ठेकेदार गाठोडं पाठवतो. त्याच्याशी बोला, मला कशाला?"

ठेकेदाराचा ठेका गेला. पोलीस त्याच्या घरी गेले तेव्हा गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या असं ऐकलं. त्या संध्याकाळी देवापुढे माझा आवाज जरा जास्तच लागला.

आता नोकरी परत मिळणार, असं आम्ही धरून चाललो होतो. वन्संनी मॅडमना विचारलं, "मग उद्यापासून येऊ?"

मॅडम टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या. "तुमच्यावर अन्याय झाला, मान्य आहे. पण शिक्षा झालेल्या माणसाला ठेवता येत नाही. नियम आहे हो, माझ्या हातात नाही."

वन्सं उठून आल्या. रस्त्याकडच्या आमच्या खिडकीत त्यांनी टेबल टाकलं आणि इस्त्रीची कामं घ्यायला लागल्या. हळूहळू लोक येऊ लागले. एक दिवस कामवाल्या बाईबरोबर पांढरे कोट आले. वन्संनी कॉलरवरचं नाव वाचलं, कोट होते तसे पिशवीत घातले आणि म्हणाल्या, "मॅडमना सांग, नियम आहे."

आज दुपारी ठेकेदार आला. वाळला आहे. खिडकीबाहेर उन्हात उभा राहिला आणि पहिल्यांदाच 'ताई' म्हणाला.

"ताई, कुठे ठेका मागायला गेलो की माझा दाखला मागतात. केस उभी आहे, दाखला कोण देणार? तुम्ही कोर्टात एवढंच सांगा, की चादरी तुम्हीच परस्पर दिल्या."

वन्सं शर्टाची बाही सरळ करत राहिल्या.

"तुम्हाला काय, तुरुंग नवीन नाही. थोड्या दिवसांचा प्रश्न. बाहेर आलात की माझ्या भावाच्या कारखान्यात नोकरी पक्की. पूर्ण पगार देऊ आणि कागद मागणार नाही."

वन्संचा हात थांबला. तापलेली इस्त्री हातात, आणि त्याचा गाल खिडकीच्या गजांना अगदी लागून. मी मनात देवाचं नाव घेतलं. थांबवण्यासाठी घेतलं की कसं, ते त्यालाच ठाऊक.

वन्संनी इस्त्री उभी करून ठेवली. शर्टाची घडी घातली, कड दाबली.

"दाखला आणलाय?"

"कसला?"

"पोलिसांचा. या खिडकीशी उभं राहायला लागतो."

"अहो, तोच तर मिळत नाहीये, म्हणून तर..."

"मग रस्त्यावर उभे राहा. पहिल्यांदा लाज वाटते. नंतर सवय होते."

त्यांनी खिडकी ओढून घेतली आणि मला म्हणाल्या, "पुढचा शर्ट दे गं."

तो बाहेर बराच वेळ हाका मारत होता. ताई, मावशी, बाईसाहेब, सगळं म्हणून झालं. मी आधी शर्ट दिला, मग देवाला हात जोडले, आणि खिडकीची कडी नीट बसली आहे ना ते पाहून आले.